‘समजलं नाई’ म्हणायला शिकवणारे लांजेवार मास्तर

माझा नातू ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कामाला लागला तेव्हाची गोष्ट. पहिल्या सुट्टीत घरी आला तो डोक्यावरची पिवळी टोपी न काढताच पाटावर बसला. सुनेने वरण वाढलं आणि हा सांगू लागला, "आजी, आमाले तीन दिवस नुसतं शिकवलं. काम समजलं नाई तर समजलं नाई म्हना. समजल्याबिगर हात लावू नका. ढिला कपडा नाई, गळ्यात दुपट्टा नाई, फिरत्या पट्ट्याजवळ जानं नाई. तुमच्या जमान्यात असं कुठी होतं?"

असं कुठी होतं! अरे बापा, माझ्या जमान्यात एका टिनाच्या शेडमध्ये हेच्या हेच शब्द रोज दुपारी शिकवले जात होते. मी स्वतः कानांनी ऐकले आहेत. आणि ज्या माणसाने ते शिकवले, त्याला आमच्या गावाने त्याच शब्दांपायी घरी बसवलं. आज टोपी देऊन, चहा पाजून शिकवतात. चांगलं आहे. शिकवावंच. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नातवाला वाटलं आजीला बरं नाही. बरं नव्हतंच. पन्नास वर्षांचा राग एकदम वर आला म्हणजे कोणाला बरं वाटेल?

मी शाळा शिकलेली बाई नाही. शाळेत गेले ती घागर घेऊन. आमचे हे हायस्कुलात चपराशी होते आणि मी तिथे पाणी भरत होते. तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सारा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. आमचं गाव वैनगंगेच्या बाजूला, मागे जंगल, पुढे धानाच्या बांध्या. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने नुकतीच गेली होती, पण मालगुजार जागच्या जागी होते. आमच्या मालगुजारांनी तर गावाबाहेर इंजनावर चालणारी आरामशीन टाकली होती, सागवान कापायची. आणि शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष कोण? तेच.

त्या काळात सरकारातून निघालं की हायस्कुलातल्या पोरांना पुस्तकाबरोबर हातकामही शिकवा, उद्या नोकरीधंद्याला लागतील, गावात चार माणसांत वागतील, त्याची तयारी करून द्या. म्हणून शाळेमागे टिनाची शेड बांधली आणि हातकामाला लांजेवार मास्तर आले. आधी कुठल्याशा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते म्हणे. उंच, काळे, जरा वाकलेले. अंगात अशी घट्ट बंडी की बटणं कधी तुटतील याची मलाच काळजी. बाकीचे मास्तर धोतर आणि कोट घालून येत, हे खाकी अर्ध्या पँटीत. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं.

शेडच्या भिंतीवर त्यांनी चुन्याने प्रत्येक हत्याराची आकृती काढली आणि आकृतीखाली नाव लिहिलं. करवत करवतीच्या आकृतीवर टांगायची, रंधा रंध्याच्या. शाळा सुटताना भिंतीकडे एकदा पाहिलं की झालं, कुठली आकृती उघडी आहे ते लगेच दिसे. मी पाणी ठेवायला जात असे आणि भिंतीकडे पाहत उभी राहत असे. हत्यारं मला माहीत होती, नावं माहीत होती. म्हटलं, म्हणजे हे खाली लिहिलं आहे ते ‘करवत’ असलं पाहिजे. असं करत करत मी वाचायला लागले. लोकांचा क कमळाचा असेल, माझा करवतीचा आहे. मास्तरांच्या हे ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी माझ्या माठाखाली चुन्याने ‘माठ’ लिहून ठेवलेलं दिसलं.

त्यांच्या शेडमध्ये एक शब्द बंद होता. ‘सांभाळून’. कोणी पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "सांभाळून रे!" की मास्तर काम थांबवत.

"सांभाळून म्हंजे का करू त्यानं? हात कुठी ठेवू? पाय कुठी ठेवू? ते सांग. नुसतं सांभाळून त सासूबी म्हनते."

पोरं हसत. पण मग सांगावं लागे. डावा हात मागे घे, पटाशीचं तोंड तुझ्याकडून पलीकडे कर, असं.

आणि त्यांचं खरं वेड म्हणजे ‘हाव जी’. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत वडील माणसाने काही सांगितलं की लहानाने ‘हाव जी’ म्हणायचं. समजलं तरी हाव जी, नाही समजलं तरी हाव जी. पुन्हा विचारणं म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान. ‘तुमी नीट सांगतलं नाई’ असं म्हटल्यासारखं होतं. आम्ही सगळे असेच वाढलो. डॉक्टरने गोळी कशी घ्यायची सांगितलं, हाव जी, आणि बाहेर येऊन दुसऱ्याला विचारायचं.

मास्तर काय करत, मुद्दाम काम उलटंसुलटं सांगत. "फळी पालथी धर, खालून गिरमिट लाव, वरून दाबून डावीकडं फिरव, समजलं?" सगळी पोरं एका सुरात, "हाव जी!" आणि लागायचीच कामाला.

"थांबा! का समजलं? सांग रे सोमा."

सोमा मडावी जंगलातल्या गावचा, वसतिगृहात राहणारा. गोंडी त्याच्या घरची बोली. मराठी बोलताना दोनदा विचार करायचा. तो मान खाली घालून उभा.

"तुले समजलं नाई."

"हाव जी."

"आता हे हाव जी खरं आहे," मास्तर म्हणाले. "पन तोंडानं म्हन. समजलं नाई जी, अजून एक डाव दाखवा."

सोमाला ते म्हणायला आठ दिवस लागले. कोणाची मान इतकी ताठ नव्हती की मास्तरांना तोंडावर असं म्हणेल. आठव्या दिवशी तो इतक्या हळू म्हणाला की मास्तर जागेवरून उठून त्याच्याजवळ गेले. मग त्यांनी त्याला गिरमिट तीनदा दाखवलं. सोमा पुढे त्या शेडमधला सगळ्यांत चांगला सुतार झाला. चौकटीचा सांधा असा बसवायचा की पाणी झिरपणार नाही.

मी एकदा मास्तरांना विचारलं, "गुरुजी, तुमी या हाव जीच्या एवढे मागं काऊन लागता?" म्हणाले, "मी रेल्वेत पाह्यलं आहे, बाई, त्यानं का होते ते." आणि प्यायला पाणी मागितलं. मी पुढे विचारलं नाही.

माझ्यावरही त्यांची नजर होती बरं का. एकदा मी विहिरीवर गडगडीने, म्हणजे कप्पीने, पाणी काढत होते तर मास्तर शेडच्या दारातून ओरडले, "बाई, पदर खोचा आधी! गडगडीत जाते तो!" बाई, अंगाचा तिळपापड झाला माझ्या. परक्या माणसाने पदराबद्दल बोलावं? आमच्या ह्यांना संध्याकाळी सांगितलं, हेही लाल झाले. दुसऱ्या दिवशी भांडायला गेले. मास्तरांनी ह्यांना विहिरीवर नेलं, जुनं फडकं गडगडीवर धरलं आणि दोर ओढायला लावला. फडकं असं गेलं आत की ह्यांचा हात त्याच्यामागे जायला लागला. घरी येऊन मला म्हणतात, "पदर खोचत जाय." भांडण तिथेच संपलं.

गावात याच मास्तरांची काय टिंगल! "लांजेवार मास्तर पोराहीले नाई म्हनाले शिकवते." "पोट्टे बिघडवून राह्यला." त्यात शिक्षणखात्याचे डिप्टीसाहेब शाळेच्या तपासणीला आले. पुण्याकडचे होते, भाषा अशी शुद्ध की ऐकायलाच गोड. शेडमध्ये येऊन त्यांनी पोरांना विचारलं, "काष्ठाचा पृष्ठभाग समतल करण्यासाठी कोणत्या उपकरणाचा विनियोग करतात?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका आवाजात म्हणाली, "समजलं नाई जी! अजून एक डाव सांगा!"

हेडमास्तरांनी घामाने रुमाल भिजवला. आणि आमचे लांजेवार मास्तर? चेहरा असा फुललेला, जणू पोरांनी बक्षीस आणलं. म्हणाले, "साहेब, रंध्याचं विचारून राह्यले का तुमी?" पोरांना रंधा म्हटल्याबरोबर अकरा हात वर. पण साहेबांनी वहीत लिहून टाकलं होतं. विद्यार्थी मंद, शिक्षकाचं नियंत्रण नाही. मला सांगा, मंद कोण? ज्याला रंध्याला रंधा म्हणता येत नाही तो, की ज्याने समजलं नाही हे खरं सांगितलं तो?

दोन माणसांच्या आऱ्याची गोष्ट सांगायची राहिली. मोठा ओंडका कापायचा तो आरा, दोन बाजूंना दोन मुठी. एकाने ओढला की दुसऱ्याने सोडायचा, मग दुसऱ्याने ओढायचा. ढकलला की पातं वाकतं. मास्तरांनी जोड्या लावल्या त्या कशा? सोमाच्या जोडीला वासुदेव. वासुदेव म्हणजे मालगुजारांच्या दिवाणजीचा मुलगा, घरात तांब्यासुद्धा हलवलेला नाही. दिवाणजी धावत शाळेत आले. "आमचं पोरगं त्या पोट्ट्याच्या समोर बसून आरा ओढते?"

"समोर नाई बसलं त आरा चालत नाई जी," मास्तर म्हणाले. "एकट्यानं ओढून दाखवा, मी जोडी बदलतो."

दिवाणजींनी कोटाच्या बाह्या वर केल्या, ओढायला गेले आणि आरा ओंडक्यात असा फसला की पोरांना पाठ फिरवून हसावं लागलं. पुढे सोमा आणि वासुदेव दोघे विहिरीची मोडकी चौकट उतरवून नवी बसवायला गावात गेले. ती चौकट पुढे कित्येक वर्षं टिकली. गावातल्या बायांना वासुदेवाचं नाव माहीत होतं, सोमाचंही व्हायला लागलं. मास्तरांच्या मते शिकवणं म्हणजे हेच. काम हाताला यावं, हात शाबूत राहावे, आणि हाताच्या पलीकडच्या माणसाकडे पाहता यावं.

आता त्या मशीनीवर येते.

धानाची कापणी आटोपली होती. मंडळाने ठरवलं की अकरावीच्या दहा पोरांना महिनाभर खऱ्या कामाचा अनुभव द्यायचा. आणि अनुभव कुठे? अध्यक्षसाहेबांच्या आरामशीनवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केवढं मन मालगुजारांचं! फुकटचे दहा मजूर मिळाले असं कोणी म्हणालं नाही. कागदावर हातकामाच्या मास्तरांची सही पाहिजे होती. मास्तर म्हणाले, आधी मशीन पाहतो. दोन दिवस जाऊन दिवसदिवसभर नुसते बसून आले. तिसऱ्या दिवशी मालगुजार शाळेत आले, ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मी माठ भरत होते.

"का मास्तर, पसंत पडली का आमची मशीन?"

"मशीन चांगली आहे जी. पट्टा उघडा आहे."

इंजनापासून आऱ्यापर्यंत चामड्याचा लांब पट्टा फिरत असे, वाटेच्या आडवा, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.

"पट्टा उघडाच रायते. त्याले का लुगडं नेसवू?"

ओसरीवरचे सगळे हसले. हेडमास्तर जरा जास्तच.

"बांबूचं कुंपन घाला जी," मास्तर म्हणाले. "मी पोरं घेऊन येतो. एका दिवसाचं काम आहे. बांबूचं त जंगलच आहे आपल्याकडं."

"आन ओंडके नेनारे गडी? ते का कुंपनावरून उड्या मारतीन?"

"वळसा पडन जी. थोडासाच."

"दिवसातून खेपा किती होते, मालूम आहे का तुमाले?"

"मोजल्या मी. म्हनून त सांगून राह्यलो. तितक्या डाव मानूस पट्ट्याखालून वाकून जाते."

मालगुजारांचं हसू गेलं. "मास्तर, चार वर्सं मशीन चालून राह्यली. कोनाले काई झालं नाई. तुमी पोराहीले भित्रे करून राह्यले. गुरं आहेत का कुंपनात ठेवाले?" आणि उठून गेले. एवढंच. एक दिवसाचं काम, फुकटाचा बांबू, आणि ते नाही का तर एका शाळामास्तराने सांगितलं म्हणून! दुसरं कारणच नव्हतं. असतं तर मी सांगितलं असतं.

हेडमास्तरांनी कागद पुढे केला. ‘विद्यार्थी कामास तयार आहेत’ असं छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. मास्तरांनी खाली लिहिलं, ‘पोरं तयार आहेत. मशीन तयार नाही.’ हेडमास्तरांनी तो कागद फाडला, नवा लिहिला आणि स्वतः सही केली. पोरं निघाली.

आमच्याकडे पोरगा पहिल्या कामाला निघाला की घरची बाई त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकते. मान असतो तो. सोमाची आई जंगलातून पायी चालत आली होती दुपट्टा घेऊन. मोठ्या माणसासमोर उघड्या खांद्याने उभं राहणं तर आमच्यात चालतच नाही. मास्तरांनी काय केलं, आरामशीनच्या फाटकाच्या खांबावर दहा खिळे ठोकले. रोज सकाळी शाळेआधी तिथे जाऊन उभे राहत आणि एकेक दुपट्टा स्वतः खिळ्याला अडकवत. सोमाच्या आईला वाईट वाटलं. मास्तर तिला म्हणाले, "बाई, दुपट्टा लाख मोलाचा आहे. म्हनूनच बाहेर ठेवला." ती गोंडीत काहीतरी बोलली आणि हसली. सोमा म्हणाला, "माय म्हनते, तुमीच राखा मग."

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी मी तिथे नव्हते, वासुदेवाने सांगितलं तसं सांगते. नागपूरचा कोणी मोठा व्यापारी सागवान पाहायला आला. मालगुजार स्वतः त्याला घेऊन आले. मुकादम धावत आला. "अबे पोट्ट्यांनो, साहेब येऊन राह्यले! उघड्या खांद्यानं काऊन उभे? लाजा नाई वाटत? घ्या दुपट्टे!"

पोरांनी घेतले. वडील माणसाने सांगितलं, मोठा माणूस समोर आला, दुपट्टा घ्यायचा नाही तर काय करायचं? सोमा म्हणे एवढंच म्हणाला, "मास्तरनं नाई म्हटलं आहे जी." मुकादम म्हणाला, "मास्तर का इथला मालक आहे?" सोमाने दुपट्टा खांद्यावर टाकला, फळीचं एक टोक उचललं आणि पट्ट्याखालून वाकला.

इंजनवाल्या म्हाताऱ्याने लांब काठीने पट्टा चाकावरून पाडला म्हणून पोर जिवाने वाचलं. चांद्याच्या दवाखान्यात नेलं. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. सांधा असा बसवायचा की पाणी झिरपणार नाही, तो हात. मालगुजारांनी दवाखान्यात एक करंडी संत्री पाठवली. गावात चार दिवस त्या संत्र्यांचंच कौतुक!

मग चौकशी. मला वाटलं, आता तरी मुकादमाला विचारतील, मालकाला विचारतील. कशाचं काय. मंडळाची माणसं, दिवाणजी आणि हेडमास्तर शेडमध्येच बसले, त्या हत्यारांच्या भिंतीखाली. कागद आधीच लिहून आणलेला. विद्यार्थ्याने शिक्षकांची सूचना पाळली नाही, त्यामुळे अपघात घडला, यंत्रात दोष नव्हता. म्हणजे सोमाचाच गुन्हा! मास्तरांना म्हणाले, तुमच्यावर काही येत नाही, उलट तुम्ही सूचना दिली होती असंच लिहिलं आहे, करा सही आणि मिटवा.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "हे खोटं आहे जी. पोरानं सूचना पाळली नाई असं नाई. पोरानं सूचना पाळली. मुकादमाची पाळली."

"मास्तर, नोकरीचा विचार करा," हेडमास्तर म्हणाले.

"केला जी. रातभर तेच करून राह्यलो होतो. सही नाई करत."

मग नऊ पोरांना एकेक करून बोलावलं. तोच कागद वाचून दाखवायचे आणि विचारायचे, असंच झालं ना? पहिला पोरगा उभा राहिला. मी दारात घागर घेऊन उभी, मनात म्हणून राहिले, म्हण बापा, आता म्हण, दोन वर्षं शिकवलं आहे.

"हाव जी."

दुसरा. "हाव जी." तिसरा. नऊच्या नऊ. वासुदेव शेवटचा होता. त्याने मास्तरांकडे पाहिलं, त्याच्या बापाने त्याच्याकडे पाहिलं. तो रडत रडत म्हणाला, पण म्हणाला तेच.

मी विहिरीवर त्या पोरांना गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "सोमाच्या हातचं पानी पेल्ले रे तुमी! लाज नाई वाटत?" मागून मास्तर आले. मला वाटलं हे दोन थोबाडीत देतील. तर मलाच म्हणाले, "बाई, पोराहीवर नका ओरडू. कोनाचा बाप मालगुजाराच्या बांध्या वाहते, कोनाचा त्याहीच्या लाकडाच्या टालावर आहे. मी दोन वर्सं शिकवलं. गाव त्याहीले जन्मापासून शिकवून राह्यलं."

त्यांना राग नव्हता आला असं कोणी समजू नये. त्यांचा आवाज बारीक झाला की मी ओळखायची. त्या दिवशी तो इतका बारीक होता की विहिरीच्या गडगडीने झाकला जात होता. आठ दिवसांत चिठ्ठी आली. हातकामाचा वर्ग तूर्त बंद, मास्तरांची गरज उरली नाही.

मास्तर आधी चांद्याला गेले, सोमाला भेटायला. दोन दिवसांनी परत आले, ते ट्रंक बांधायला. मी विचारलं, पोरगं कसं आहे? म्हणाले, "डाव्या हातानं जेवून राह्यलं." मग म्हणाले, "मले इचारलं त्यानं. मास्तर, आता त्या पट्ट्याखालून कोन जाऊन राह्यलं?"

"मग तुमी का सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बुरडाकडे गेले, बांबू घेतले, खांद्यावरून वाहून आणले. तीन खेपा केल्या. मग आमच्या ह्यांच्याकडून सबल, म्हणजे पहार, मागून नेली. दुपारी आरामशीन जेवायला बंद असते तेव्हा मास्तर आत शिरले. ह्यांनी मला सांगितलं तशी मी डोक्यावरची घागर तिथेच उतरवली आणि पळत गेले. फाटकाजवळ उभी राहिले.

मास्तर पट्ट्याच्या कडेने भोकं खणून राहिले होते. गडी झाडाखाली भाकरी सोडून पाहत बसलेले. मुकादम आला.

"मास्तर, मालकाले इचारलं का?"

"इचारलं होतं," मास्तर खणता खणता म्हणाले. "त्याहीनं नाई म्हटलं."

मुकादम मालगुजारांना बोलवायला गेला. ते छत्री लावून आले, तोवर चार खांब उभे झाले होते.

"इंजन चालू करा रे!" मालगुजार ओरडले. "पाहू कसा आत बसते तो!"

सगळे इंजनवाल्या म्हाताऱ्याकडे पाहू लागले. त्याने फडक्याने हात पुसले. मग पुन्हा पुसले. म्हणाला, "थंडं झालं मालक. वेळ लागते." आणि त्याने वेळ लावला! तेलाचा डबा उघडला, झाकण शोधलं, झाकण सापडल्यावर डबा शोधला. मालगुजारांना समजत नव्हतं असं नाही. पण पंधरा गडी बघत होते आणि काही दिवसांपूर्वीचं रक्त त्यांनीच माती टाकून झाकलं होतं. एक गडी उठला, त्याने आडवा बांबू धरला. मग दुसरा उठला. मालगुजार छत्री घेऊन उभे होते तसे उभे राहिले, आणि मग घाई असल्यासारखे निघून गेले.

ते कुंपण त्यांनी पुढे काढलं नाही. काढलं कसं असतं? पुढल्या साली दुसरे डिप्टीसाहेब आले तेव्हा त्यांना नेऊन दाखवलं. "आमी स्वतः उभं राहून करवलं, पोरांच्या जिवाची काळजी!" साहेबांनी लिहूनही घेतलं. मी तेव्हा तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि माझ्या मनात आलं की हा तांब्या यांच्या कोटावर ओतावा. ओतला नाही, त्याची मला आजही खंत आहे.

पण त्या दुपारचं सांगते. शेवटची गाठ मारून झाली. मास्तरांनी एकेक खांब हलवून पाहिला आणि बाहेर आले. म्हाताऱ्याने इंजन लगेच चालू केलं. पट्टा फिरायला लागला. मास्तर फाटकाशी ठेवलेल्या आपल्या ट्रंकेजवळ थांबले, जायची मोटार चुकत होती तरी थांबले. दोन गड्यांनी ओंडका खांद्यावर घेतला. पुढचा गडी रोजच्या सवयीने सरळ पट्ट्याकडे निघाला, वाकायला गेला आणि त्याचा गुडघा बांबूवर असा आपटला की ओंडका हलला. त्याने मास्तरांच्या नावाने अशी एक शिवी घातली की मी कानावर पदर घेतला. मग बडबडत, पाय ओढत, कुंपणाला वळसा घालून गेला.

दोन वर्षांत मी लांजेवार मास्तरांचे दात पाहिले नव्हते. त्या शिवीला ते हसले. तोंडभर हसले, आणि ट्रंक उचलून मोटारीकडे गेले.